डिसेंबर एकच, परीक्षा दोन

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत एका पत्र्याच्या खोलीत गेल्या हिवाळ्यातली एक रात्र मी बसून काढली. खोलीत तीन मुले राहतात, तिघेही अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. भिंतीला टेकवलेल्या गाद्या, दोरीवर वाळणारे टॉवेल, कोपऱ्यात गॅसची छोटी टाकी आणि मधोमध एक स्टूल. स्टुलावर ब्रेडबोर्ड, त्यात खोचलेल्या लाल-पिवळ्या जंपर वायर, ईएसपी३२ चा बोर्ड आणि शेजारी स्टीलच्या डब्यात ओली माती. मातीत सेन्सरचे दोन पाय रोवलेले. माती सुकली की मोबाईलवर संदेश यावा आणि मोटार आपोआप सुरू व्हावी, असा बेत. मोटार तूर्त खेळण्यातली होती. आठवड्यावर आलेल्या एका राज्यस्तरीय स्पर्धेसाठी ही सगळी खटपट चालली होती.

अकरा वाजता संदेश आला, रिले टक्क वाजला, मोटारीने अर्धी गिरकी घेतली आणि सगळेच बंद पडले. पुन्हा केले, पुन्हा तेच. प्रोग्राम तीनदा तपासून झाला, सेन्सर बदलून झाला. दीड वाजता एकाच्या लक्षात आले, की बोर्डाला आणि मोटारीला वीज एकाच चार्जरमधून जातेय. मोटार उचल खाते तेव्हा विजेचा दाब घसरतो आणि बोर्ड मान टाकतो. मोटारीला वेगळी बॅटरी जोडली आणि ती फिरली. तिघांनी असा गलका केला की घरमालकाने पलीकडून भिंतीवर थाप मारली.

पहाटे चारच्या सुमारास त्यांच्यातल्या एकाचा फोन वाजला. आई बोलत होती, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या फडावरून. आई-वडील दोघेही कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, दिवाळी झाली की गेलेले. कोपीतून निघून फडात उतरण्याआधी ती रोज मुलाला अभ्यासाला उठवते.

"उठलास का रं?"

"उठलोय, आई."

"पेपर कव्हापासून हायेत?"

"सोमवारपासून."

"मग बस आता. पुन्हा झोपू नकू."

तो झोपलाच नव्हता. फोन ठेवून त्याने भिंतीवर चिकटवलेल्या परीक्षेच्या वेळापत्रकाकडे पाहिले, ब्रेडबोर्ड अलगद उचलून स्टुलाखाली ठेवला आणि पुस्तक उघडले. दहा मिनिटांत त्याचा डोळा लागला.

त्याची ती रात्र कामी लागली की वाया गेली? सत्कार समारंभात विचारले तर उत्तर मिळते, की पुस्तकी किडे होऊ नका, नवे काही करून दाखवा. स्टाफरूममध्ये विचारले तर उत्तर मिळते, की आधी विषय काढा, मग काय ती यंत्रे करा. दोन्ही बोलणाऱ्यांचे मुलांवर प्रेम असते, यात मला शंका नाही. पण त्यांच्यापैकी कुणालाही त्या पहाटेच्या फोनवर खोटे बोलावे लागत नाही. म्हणून हा प्रश्न बीडच्या मुलाच्या जागी बसूनच तोलला पाहिजे.

आधी दिनदर्शिका पाहू. केंद्र सरकारची स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ साली सुरू झाली. सहा जणांचा संघ लागतो, त्यात किमान एक मुलगी हवीच. पावसाळा सरता सरता कॉलेजातली अंतर्गत फेरी होते, मग कल्पना दिल्लीला जाते, आणि निवड झालीच तर देशातल्या कुठल्या तरी केंद्रावर अंतिम फेरी. सॉफ्टवेअरवाल्यांना सलग ३६ तास, हार्डवेअरवाल्यांना पाच दिवस. २०२३ ची अंतिम फेरी १९ डिसेंबरला सुरू झाली, २०२४ ची ११ डिसेंबरला. राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे, तिच्या फेऱ्याही हिवाळ्यातच येतात. आता दुसरी बाजू. मराठवाड्यातली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि हिवाळी सत्राच्या परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास येतात. तिसरी बाजू फक्त आपल्याकडची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव रिकामे होते ते मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत. ज्या घरातून माणसे ऊसतोडीला जातात तिथे म्हातारी आजी, दोन शेरडे आणि धाकटी भावंडे मागे राहतात आणि त्यांची चौकशी शिकणाऱ्या मोठ्या मुलाकडे, मुलीकडे येते. स्पर्धा, परीक्षा आणि घर, तिन्ही एकाच हंगामात अंगावर येतात. पुण्या-मुंबईच्या मुलाला यातल्या पहिल्या दोनच सांभाळाव्या लागतात.

तरीही स्पर्धेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून बोलतो. त्या रात्री दीड वाजता मुलाला जे उमगले ते त्याने दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेले होते आणि त्यावर गुणही मिळवलेले होते. तरी समोर यंत्र बंद पडले तेव्हा ते आठवायला अडीच तास लागले. आता तो ते जन्मात विसरणार नाही. चूक कुठे आहे हे माहीत नसताना ती एकेक करून हुडकत जायची ही विद्या आपल्या प्रयोगशाळांत जवळजवळ शिकवलीच जात नाही. तिथे प्रयोग ठरलेला, जोडणी आखून दिलेली, उत्तर आधीच्या वर्षाच्या जर्नलमध्ये लिहिलेले. स्पर्धेत कुणालाच उत्तर माहीत नसते, परीक्षकालासुद्धा.

दुसरे असे, की या जिल्ह्यातल्या मुलांना प्रश्न शोधायला बाहेर जावे लागत नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बाप बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जातो. २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, त्यानंतर रात्री पाणी धरायला जायचे म्हटले की घरातल्या बायकांचा जीव खालीवर व्हायचा. घरबसल्या मोटार चालू-बंद करणारे यंत्र, जमिनीत ओल किती हे सांगणारा सेन्सर या गोष्टी मोठ्या शहरातल्या मुलांसाठी प्रकल्पाचे विषय आहेत. आपल्या मुलांसाठी ती घरची निकड आहे. बीड शहराबाहेरची खजाना विहीर पाहा. सोळाव्या शतकात कुणी तरी जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा आणि उताराचा हिशेब मांडला आणि विहिरीतून बोगद्यावाटे पाणी रानात नेले. ना पंप, ना वीज. दुष्काळी मुलखातला माणूस पाण्याबाबत आपोआप इंजिनिअर होतो, फक्त त्याला हात चालवायची संधी मिळायला हवी. स्पर्धा ही संधी देते. शिवाय अनोळखी माणसांसमोर उभे राहून आपले म्हणणे मांडायची सवय होते, आणि वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या खेड्यातल्या मुलाला त्या सवयीची किती गरज असते, हे ज्याने नोकरीच्या मुलाखतीत त्याची गाळण उडताना पाहिली आहे त्यालाच कळेल.

पण पारड्याची दुसरी बाजूही तेवढीच जड आहे. स्पर्धेच्या भाषणांत तिचा उल्लेख होत नाही, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

एक विषय राहणे ही गोष्ट सगळ्यांना सारखी महाग पडत नाही. ज्याचे वडील पुण्यात नोकरीला आहेत त्याचा विषय राहिला तर घरी चार दिवस अबोला होतो. ज्याच्या वडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन फी भरली आहे, त्याचे विषय राहून वर्ष गेले तर आणखी एक उचल, आणखी एक हंगाम. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के मागतात, आणि बॅकलॉग शिल्लक असेल तर अर्जच घेत नाहीत. स्पर्धेतले प्रशस्तिपत्र त्यानंतरच्या फेरीत उपयोगी पडते. पहिल्या दारावर उभा असलेला माणूस फक्त गुणपत्रिका बघतो. हे बरोबर आहे का, यावर वाद घालता येईल, मी घालीनही. पण आज तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला तो वाद संपायची वाट बघत बसता येत नाही.

सामानाचा खर्चही आहे. पुण्याच्या मुलाचा सेन्सर जळाला तर तो संध्याकाळी तपकीर गल्लीत जाऊन दुसरा आणतो. अंबाजोगाई, केज, गेवराईच्या मुलाला ऑनलाईन मागवून चार-पाच दिवस पार्सलची वाट बघावी लागते. म्हणजे तोच सेन्सर त्याला पैशात तेवढाच आणि दिवसांत पाचपट महाग पडतो. त्यातून एक वाईट खोड लागते. वस्तू येईपर्यंत काम थांबते आणि ती आली की दोन रात्री जागून भरपाई केली जाते. बाहेरून ही ढिलाई दिसते, तिचे मूळ मात्र पार्सलमध्ये असते.

आणि मुली. हॅकेथॉनच्या संघात एक मुलगी हवीच, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. तेव्हाची ती बालके आज नववी-दहावीपासून इंजिनिअरिंगच्या वर्गांपर्यंत पसरली आहेत. ज्या पिढीतल्या मुलींना जन्मालाच जागा मिळणे अवघड झाले, त्या पिढीसाठी संघात एक जागा राखून ठेवणारा नियम आहे, ही साधी गोष्ट नाही. पण त्या जागेवर बसवलेल्या मुलीच्या वाट्याला काय येते, हेही बघितले पाहिजे. बरेचदा तिचे नाव सर्वांत शेवटी, घाईघाईत भरलेले असते. सोल्डरिंग मुलगे करतात, प्रोग्राम मुलगे लिहितात, तिच्याकडे पीपीटी आणि सूत्रसंचालन. कारण विचारले तर सांगतात, की रात्री तिला थांबता येत नाही. खरे आहे, हॉस्टेलचे फाटक साडेसातला बंद होते. मग काम रात्रीच का करायचे, हा प्रश्न सहापैकी पाच जणांना पडत नाही.

आपल्याकडे या सगळ्यावर एकच औषध सांगितले जाते, ते म्हणजे वेळेचे नियोजन. ठीक आहे, करून बघू. आठवड्याचे तास १६८. झोप रोज सात तास धरली तर ४९. कॉलेज सहा दिवस, सात तास, ४२. गावाहून एसटीने येणारा असेल तर जाऊन-येऊन रोजचे अडीच तास, म्हणजे १५. जेवणखाण, आंघोळ, कपडे, पाणी, किरकोळ कामे रोज तीन तास, २१. बेरीज १२७. उरले ४१. त्यातले २५ तास मन लावून अभ्यासाला दिले तर १६ उरतात. त्यात शेत आहे, दुखणे आहे, लग्नकार्य आहे, मित्र आहेत, नुसते बसून राहणेही आहे, आणि विशीतल्या पोराला त्याचीही गरज असते. ओढूनताणून स्पर्धेसाठी आठवड्याला दहा तास निघतात. आता हाच हिशेब मुलीसाठी करा. घरकामाचे रोजचे तीन तास जास्त धरले की आठवड्याचे २१ तास गेले. तिच्याकडे उरले २०. अभ्यासाचे २५ तासच तिथे बसत नाहीत, स्पर्धा तर पुढची गोष्ट. तिला नियोजनाचे व्याख्यान देण्यापेक्षा तिच्या भावाला भांडी घासायला लावले तर स्पर्धेची तयारी लवकर होईल.

पण याच हिशेबात एक दिलासाही आहे. आठवड्याला दहा तास, बारा आठवडे, सहा जण. गुणाकार केला तर ७२० तास होतात. प्रामाणिकपणे वाटून घेतलेल्या ७२० तासांत चांगले यंत्र उभे राहते. आपल्याकडे होते असे, की पहिले नऊ आठवडे कुणी हात लावत नाही आणि शेवटच्या तीन आठवड्यांत दोनच जण सगळे ओढतात. त्या दोघांचे विषय राहतात. उरलेल्या चौघांना प्रशस्तिपत्र मिळते.

स्पर्धेने खाल्लेल्या वेळाला आवर घालायचा प्रयत्न इतरांनीही करून पाहिला आहे. अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था १९९२ पासून शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धा घेते. खेळ जाहीर झाल्यावर साधारण सहा आठवड्यांत रोबोट पूर्ण करायचा आणि नंतर तो मोठ्या पिशवीत घालून सीलबंद ठेवायचा, असा तिथे नियम होता. मुलांनी शाळा सोडून महिनोन्‌महिने रोबोटच्या मागे लागू नये, हा त्याचा एक फायदा मानला जायचा. झाले काय, की ज्या शाळांकडे पैसा होता त्यांनी तसाच दुसरा रोबोट बनवला. पहिला पिशवीत आणि सराव दुसऱ्यावर. गरीब शाळेला दुसरा परवडत नव्हता, तिचा एकुलता एक रोबोट मात्र पिशवीत बंद. शेवटी २०२० च्या हंगामापासून तो नियमच काढून टाकण्यात आला. वरून लादलेली मर्यादा पैसेवाला कशी वळवून घेतो, त्याचे हे उदाहरण मला फार बोलके वाटते. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी काय करावे यापेक्षा ज्या कॉलेजातून मुले जातात त्या कॉलेजाने काय करावे, याकडे मी वळतो.

आपल्याच राज्यातले एक काम या बाबतीत मला आदर्श वाटते. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा साधारण एक किलोचा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ ने तो अवकाशात सोडला. कामाला सुरुवात २००८ च्या सुमारास झाली होती. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ती मुले पास होऊन नोकरीला लागली, त्यांच्यामागून आलेलीही गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या फळीने तो पुरा केला. वर्षामागून वर्षे वह्या, आराखडे, चुकांच्या नोंदी पुढच्यांच्या हाती दिल्या गेल्या. उपग्रहासारखे काम होऊनही एकट्या मुलावर त्याचा सगळा भार आला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत दर वर्षी स्पर्धा नव्याने सुरू होते. गेल्या वर्षीच्या संघाचे सामान कपाटात, कपाटाची चावी बदलून गेलेल्या सरांकडे, आणि त्या मुलांना मोटारीला वेगळी बॅटरी लागते हे कळलेले असूनही यंदाची मुले पुन्हा दीड वाजेपर्यंत जागतात. सीओईपी १८५४ पासूनची असेल, पण नोंदवही ठेवायला दीडशे वर्षांची परंपरा लागत नाही. शंभर पानी वही लागते आणि ती जपणारे एक माणूस लागते.

आयआयटी मुंबईची 'ई-यंत्र' ही रोबोटिक्स स्पर्धाही इथे आठवते. चार जणांचा संघ, काम टप्प्याटप्प्याने महिनोन्‌महिने चालणारे, आपल्या गावी राहूनच करायचे आणि निवड झालेल्या संघांना सामान तिकडून येते. ३६ तास जागवणाऱ्या स्पर्धेपेक्षा हा घाट बीडच्या मुलाला जास्त मानवेल, असे मला वाटते. जागरणाची स्पर्धा दिसायला दिमाखदार असते, टीव्हीवर येते. रोज तास-दीड तास, पाच महिने, असे काम दिसत नाही. आई-वडील फडावर असताना अभ्यास सांभाळून पेलण्यासारखे मात्र तेच आहे.

इथे व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या 'राष्ट्रीय' हॅकेथॉनच्या जाहिरातींबद्दलही एक सांगून टाकतो. शे-पाचशे रुपये भरा, घरबसल्या भाग घ्या, सगळ्यांना प्रमाणपत्र. अशा ठिकाणी वेळही जातो आणि पैसाही. भाग घेतलेल्या प्रत्येकाला जे मिळते त्याला मुलाखतीत कुणी विचारत नाही. वर्षाला एकच स्पर्धा धरावी आणि ती नीट करावी.

तर माझे मत. स्पर्धा हवी. पण पहिल्या वर्षी नको. बारावीतून आलेल्या मुलाला, त्यातही मराठी माध्यमातल्या, इंग्रजीतून गणित आणि मेकॅनिक्स अंगवळणी पडायला ते वर्ष लागतेच. दुसऱ्या वर्षी त्याने हाताखाली काम करावे, वायर सोलाव्यात, नोंदी ठेवाव्यात, बघावे. तिसऱ्या वर्षी मुख्य काम अंगावर घ्यावे. चौथ्या वर्षी स्पर्धेचा विषय आणि प्रोजेक्टचा विषय एकच असेल तरच उतरावे, नाही तर खालच्यांना शिकवावे. ज्याचे दोन विषय राहिलेले आहेत त्याने यंदा संघात येऊ नये. हे ऐकायला कठोर आहे, पण त्याचे पाय मागे ओढायला आपण मदत करू नये. आणि ज्या मुलाला मुळात या यंत्रांची गोडीच नाही, ज्याला नीट शिकून स्पर्धा परीक्षेला बसायचे आहे किंवा वडिलांची शेती सुधारायची आहे, त्याच्याकडे कमीपणाने बघायची रीत बंद झाली पाहिजे. प्रत्येकाने स्पर्धेत उतरलेच पाहिजे असे काही नाही.

मग स्पर्धेला गुण द्यावेत का? दहावीला खेळाडूंना आणि चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना वाढीव गुण मिळतात, तसेच तंत्रज्ञान स्पर्धेलाही द्यावेत, अशी मागणी मी ऐकतो. तिच्यामागची तळमळ समजते. तरी माझा कौल विरोधात आहे. गुण लागू झाले की प्रशस्तिपत्रांचा बाजार आज आहे त्याच्या दसपट होईल, आणि ज्याला विकत घेता येते तो विकत घेईल. मुलांना वेळ द्या. लोणेरेच्या पद्धतीत थिअरीच्या १०० गुणांपैकी ६० विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेचे, २० मिड सेमचे आणि २० सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे. म्हणजे ४० गुणांचा कारभार कॉलेजच्या हातात आहे. सहा मुलांसाठी विद्यापीठाने परीक्षा पुढे ढकलावी, असे मी म्हणणार नाही, ते शक्यही नाही. पण मिड सेम चार दिवस मागेपुढे घेणे, स्पर्धेच्या आठवड्यात सबमिशन न मागणे, स्पर्धेचे यंत्रच मिनी प्रोजेक्ट म्हणून स्वीकारणे, बुडालेले प्रॅक्टिकल शनिवारी करून घेणे, यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. प्रयोगशाळा दुपारी तीन ते सहा उघडी ठेवली तर मुलगीही संघात खरे काम करू शकते आणि फाटक बंद होण्याआधी परत जाऊ शकते. एका शिक्षकाला आठवड्यातून दोन दुपारी तिथे बसावे लागेल, एवढाच त्याचा खर्च.

त्या तिघांना स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. पहाटे फोन घेतलेल्या मुलाचा एक विषय राहिला. तो त्याने उन्हाळी परीक्षेत काढला. पट्टा पडून आई-वडील गावी आले तेव्हा त्याने त्या रात्रीची गोष्ट स्वतःच सांगितली. आई काही बोलली नाही. वडिलांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "हे आपल्या मोटारीला बसंल का?" बसणार नव्हते. विहिरीवरची मोटार पाच एचपीची, थ्री फेजची; तिच्या स्टार्टरला हा खेळण्यातला रिले पुरत नाही, त्याला मध्ये कॉन्टॅक्टर लागतो, एखादी फेज गेली तर मोटार जळू नये म्हणून वेगळी सोय लागते. मुलगा सध्या तेच करतोय, आठवड्यातून दोन संध्याकाळी, कुठल्याही स्पर्धेसाठी नव्हे. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट म्हणून तो हेच देणार आहे.

बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतन महाविद्यालयाच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. नवे वर्ष सुरू झाले की पहिल्या आठवड्यात एक कागद नोटीस बोर्डावर लावा. यंदा कॉलेज कोणत्या दोन स्पर्धांना संघ पाठवणार, त्यांच्या तारखा साधारण काय, त्या काळात मिड सेम आणि सबमिशन कधी, प्रयोगशाळा कोणत्या दुपारी उघडी आणि तिथे कोण बसणार, एवढ्या पाच ओळी. डिसेंबरची गाठ जूनमध्येच सुटते, आणि ती सोडवायला एक पान पुरते.